आईची पाच नावं आणि एक पेन्शन: सुरुवात कुठून करायची? (बडोदा)

मांजलपूरकर
शनिवार, रात्री १०.१५

आई १९४६ ची. वडील पश्चिम रेल्वेत, प्रतापनगरहून निवृत्त झाले, गेल्या वर्षी गेले. खातं जॉइंट होतं आणि पीपीओत (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) आईचं नाव होतं, त्यामुळे फॅमिली पेन्शन फार खळखळ न करता चालू झाली. खरी गंमत त्यानंतर. बँकेनं (कुठली ते सोडा) केवायसी नव्यानं मागितलं, आणि सगळे कागद एकत्र काढल्यावर दिसलं की सरकारदरबारी आमची आई एक नाही, पाच आहेत.

शाळेच्या दाखल्यावर कमल, पुढे आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं ते सुमन. पीपीओत 'सुमन वसंतराव'. आधारवर 'सुमनबेन वसंतभाई', कारण वॉर्डात कॅम्प लागला होता तेव्हाच्या ऑपरेटरच्या लेखी प्रत्येक बाई बेन आणि प्रत्येक पुरुष भाई. पॅनवर पहिलं नाव 'सौ', मधलं 'सुमन', आणि वडिलांच्या रकान्यात चक्क बाबांचं नाव. म्हणजे इन्कम टॅक्सच्या हिशेबानं बाबा आईचे वडील. वाडी भागातल्या घराच्या दस्तात 'सुमनबाई'. वेरा बिल (घरपट्टीचं) अजून आजोबांच्याच नावानं येतं, तो वेगळा धागा होईल.

घरात दोन तट पडलेत. भावजींचं म्हणणं, राजपत्रात एकदाच काय ते छापून घ्या आणि सगळे कागद एकसारखे करून टाका. मला ते पटत नाही. आईला आता नवीन नोकरी लावायची नाही की परदेशी पाठवायचं नाही. ज्या कागदावरून पैसा येतो तो पीपीओ. बदलायला सगळ्यात किचकटही तोच. तो खुंटा धरायचा, आणि जे कागद सहज हलतात, आधार, पॅन, मतदार यादी, ते त्याच्याजवळ आणायचे. ज्यावरून काही येणार नाही की जाणार नाही त्यांना हात लावायचा नाही. शाळेचा दाखला कमलचा आहे, कमलचाच राहू दे.

जे करायचं ते मात्र आत्ताच, कारण आई अजून स्वतः चालत जाऊन सही करू शकते.

अडलंय ते असं. आधी आधार की आधी पॅन? दस्तातल्या सुमनबाईंचं काय करायचं? आणि इथे रेल्वेतलं कुणी आहे का?

केवायसी_पीडित
शनिवार, रात्री १०.४०

आमच्या सासूबाई सात आहेत. वाचनखूण साठवली.

निवृत्त_प्रतापनगर
रविवार, सकाळी ७.०५

मांजलपूरकर, खुंटा बरोबर धरलात. मी रेल्वेत सेटलमेंट सेक्शनलाच, म्हणजे निवृत्तांची देणी बघणाऱ्या विभागात होतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

नाव राहू द्या बाजूला. पीपीओ उघडा आणि आईच्या नावापुढचा जन्मतारखेचा रकाना बघा. जुन्या पीपीओंत बायकोची तारीख पुष्कळदा कोरी असते, कारण त्या काळी ती कुणाला लागतच नव्हती. आता लागते. फॅमिली पेन्शनरला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. पुढे ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की शंभर टक्के. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या १ तारखेपासून, आणि वाढीव रकमेवर महागाई भत्तासुद्धा. सहाव्या वेतन आयोगापासून हे चालू आहे. पण कॉम्प्युटरला तुमच्या आईचा वाढदिवस माहीत असेल तर! तारीख नसेल तर ऐंशी येते, उलटून जाते, कुणी फोन करून सांगत नाही. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला डोळे उघडलेले लोक मी पाहिलेत. थकबाकी निघते, पण त्या वयात कोण खेटे घालणार?

तुमची आई १९४६ ची, म्हणजे तोंडावर आलंय.

तारखेच्या पुराव्याला पॅन, पासपोर्ट किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं. साधा अर्ज, पीपीओची झेरॉक्स, पुरावा, आणि डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात दिल्याची पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिथे अडलंच तर पेन्शन अदालत असते, तिची जाहिरात आधी निघते, ठरलेल्या मुदतीत अर्ज टाकावा लागतो.

तुम्ही नावांबद्दल एवढं लिहिलंत, पण पाचही कागदांवर तारीख एकच आहे का?

मांजलपूरकर
रविवार, सकाळी ९.३०

काका, रकाना कोरा आहे. दाखला आणि पॅन यांवर तारीख एकच, पूर्ण. आधारवर नुसतं '१९४६', दिवस-महिना नाहीच. दस्तात फक्त वय लिहिलंय, तेही 'आशरे', म्हणजे अंदाजे.

निवृत्त_प्रतापनगर
रविवार, सकाळी ९.५०

मग क्रम तिथेच ठरला. पॅनवरून तारीख पीपीओत चढवा. पीपीओ सुधारून आला की तो आधारला लावा. आधार आधी करायला गेलात तर तिथे तारखेचा पुरावा मागतील आणि तुमच्याकडे दाखवायला कमल निघेल.

हयातीच्या दाखल्याचंही सांगून ठेवतो. नोव्हेंबरात सगळी दुनिया जाते. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला ऑनलाइन, आधारवर चालतं. बोटांचे ठसे उठत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, आईंना उन्हातान्हात नेऊ नका.

भावजी_पार्टी
रविवार, सकाळी ११.२०

मांजलपूरकर, तुमच्या भावजींच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. उद्या तुम्हालाच वारस म्हणून उभं राहायचंय. तेव्हा आई सही करायला नसेल आणि समोरचा कारकून विचारेल की यातली खरी कोण. पाच ठिकाणी ठिगळं लावण्यापेक्षा राजपत्र घ्या, गंगेत घोडं न्हालं.

वाडीचा_वकील
रविवार, दुपारी १.१०

घोडं न्हात नाही, तिथेच तर घोळ आहे.

राजपत्र नाव बदलणाऱ्यासाठी. अमुकचा तमुक झालो, अशी ती जाहीर नोंद. या माउलीनं काही बदललं नाही, लोकांनी तिला हवं तसं लिहिलं. शिवाय कोठीजवळच्या सरकारी छापखान्यातून अंक हातात आला म्हणून आधार, पॅन, बँक यांतलं एकही आपोआप बदलत नाही. तो अंक घेऊन त्याच सगळ्या खिडक्यांवर जायचंय. म्हणजे काम वाचलं नाही, एक वाढलं.

कमलची सुमन झाली हे कधी कायद्यानं सिद्ध करायची वेळ आलीच, तर मात्र राजपत्राला दुसरी वाट मिळणं कठीण. त्या पिढीची लग्नं नोंदवलेली नसतात आणि आता नवरा हयात नाही. पण ती वेळ येणार आहे का ते आधी बघा. आईंच्या माहेरच्या मिळकतीत हिस्सा आहे का? जुने शेअर, ठेव, काही 'कमल' नावानं? नसेल तर कमलला सुखानं राहू द्या.

तुम्हाला हवं ते 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र. ई-स्टॅम्पवर करायचं, कागदी स्टॅम्प आपल्या गुजरातेत २०१९ च्या ऑक्टोबरपासून बंदच आहेत. पाचही नावं जशी छापलीत तशी, इंग्रजी अक्षरन् अक्षर, आणि प्रत्येक नावापुढे तो कागद कुठला नि त्याचा नंबर. माझ्याकडे लोक 'सुमन, सुमनबेन वगैरे' असा मसुदा घेऊन येतात. वगैरे नावाची बाई नसते. मजकूर इंग्रजीत करा, रेल्वे आणि बँक दोन्हीकडे चालेल. तीन-चार प्रती मूळ सहीशिक्क्याच्या करून ठेवा, कारण प्रत्येक जण मूळ प्रत ठेवून घेतो.

आता दस्त. सुधारणा दस्त करायचा तर विकणाराही सहीला लागतो, आणि वाडीतल्या जुन्या घराचा विकणारा आता कुठे शोधणार? त्यामुळे दस्त आहे तसा. बाबांच्या नावाची वारसाई करायची आहेच, त्या अर्जाला पेढीनामुं (वंशावळ), मृत्यूचा दाखला आणि हे प्रतिज्ञापत्र जोडा. अर्जातच 'सुमन वसंतराव उर्फ सुमनबाई' लिहा, म्हणजे सिटी सर्व्हेच्या नोंदीत दोन्ही नावं एकाच ओळीत येतील. दहा वर्षांनी घर विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील हीच ओळ शोधेल.

नोंद हातात आली की आणखी एक बघा. गुजरातीत विधवेच्या नावाआधी 'गं. स्व.' लावतात, आपल्या जुन्या 'गं. भा.' सारखं. मायेनं लावतात हो, पण कॉम्प्युटरात ते नावालाच चिकटतं. आईंच्या पॅनवर 'सौ'चं जे झालं तेच.

दांडियाबाजार
रविवार, दुपारी २.००

सयाजीराव महाराजसुद्धा १८७५ मध्ये दत्तक येईपर्यंत कवळाण्याचे गोपाळराव होते. केवायसी कुणी मागितलं नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
रविवार, दुपारी २.२५

आमच्याकडे शिंद्यांचे सिंधिया झाले आणि तेच कायम झालं.

वाडीचा_वकील
रविवार, दुपारी २.३०

अवांतर आवरा. गायकवाडांची स्पेलिंगं काढलीत तर धागा शंभरी गाठेल.

कारेलीबागेची_सून
रविवार, संध्याकाळी ६.४५

आधारचं नुकतंच सासूबाईंसाठी करून आले, ताजं आहे म्हणून लिहिते.

नाव अख्ख्या आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि एका अक्षराची दुरुस्तीसुद्धा त्यातलीच एक धरतात. जन्मतारीख एकदाच. त्यामुळे काकांनी सांगितलेला क्रम पाळाच, पीपीओ हातात आल्यावर नाव आणि तारीख एकाच फेरीत उरका. पीपीओ त्यांच्या कागदांच्या यादीत आहे, पण निघण्याआधी यादीचं ते पान मोबाइलवर काढून न्या. शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये झालंय. जवळ धड कागदच नसेल तर आधारचा एक ठरलेला नमुना मिळतो, त्यावर फोटो लावून आमदार, कॉर्पोरेटर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का. तो तीनच महिने चालतो, आधीपासून करून ठेवू नका.

'वसंतभाई'बद्दल. ते आईंच्या नावातच घुसलंय की पत्त्यात 'केअर ऑफ'ला आहे, ते बघा. केअर ऑफ हा पत्त्याचा भाग, त्याची दुरुस्ती नावाच्या दोन संधींत मोजत नाहीत.

केंद्रावर आपल्या बाजूला दुसरा स्क्रीन असतो. तो बंद असला तर चालू करायला लावा. टाइप होताना मी इंग्रजी बघत बसले होते आणि इंग्रजी अगदी बरोबर होतं. गुजराती ओळ मशीन आपणहून भरतं, तिथे 'मालिनी'चं 'मलिनी' झालं होतं. पावती छापायच्या आत दिसलं म्हणून बरं.

सासूबाई मात्र 'बेन' काढायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बेनच म्हणतात, आता मीच का खोडू? मग आम्ही पॅनलाच बेन जोडलं. खुंटा कुठला ते प्रत्येक घरात वेगळं, त्यांना पेन्शन नाही त्यामुळे चाललं.

नीरा_अलकापुरी
रविवार, रात्री ८.२०

पॅनचं माझ्याकडे. मी रोज हीच कामं करते.

'सौ' काढायचं तर दुरुस्तीचा अर्ज भरताना आडनाव, पहिलं आणि मधलं असे तीन रकाने येतात. पहिल्यात सुमन, मधल्यात वसंतराव. आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण लिहायचं. वडिलांच्या रकान्यात आईंच्या वडिलांचंच नाव येतं, बाई विवाहित असो की नसो. नवऱ्याचं तिथे काही काम नाही. आपल्याकडच्या निम्म्या आज्यांच्या पॅनवर ही चूक आहे.

पॅन-आधार जोडणी झालीय का? नावं इतकी वेगळी असतील तर ती अडकलेलीच असणार. जोडणी नसेल तर पॅन निष्क्रिय होतं आणि ठेवीच्या व्याजावर थेट २० टक्के कापतात. मात्र ८० पूर्ण झालेल्यांना ही जोडणी सक्तीची नाही, ११ मे २०१७ च्या अधिसूचनेतच ती सूट आहे. आईंची ऐंशी त्या आर्थिक वर्षात कधीही पूर्ण होत असली तरी धरतात. खिडकीवरच्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा अधिसूचनेची प्रत खिशात ठेवा.

तरी जोडून घ्याच, असं मी सांगेन. सूट आहे म्हणून पॅनवरचा 'सौ' तसाच सोडलात तर तो उद्या ठेवीच्या पावतीवर उतरेल, तिथून वारसाच्या फाइलीत.

क्रमाबद्दल काकांशी सहमत, फक्त पॅनला थोडी घाई करा. तारखेचा पुरावा म्हणून तेच रेल्वेला जाणार ना? मग त्यावर आधी 'सुमन वसंतराव' असू दे. दुरुस्तीला पुरावा म्हणून आधार लावू नका, त्यावर बेन आहे. आत्ताचा पीपीओ नावासाठी पुरे आहे का ते अर्जासोबतच्या यादीत बघा, नाहीतर दुसरा कागद शोधा.

राजवाडा_इंदूर
रविवार, रात्री ९.३५

इंदूरहून. तुमच्याकडे बेन-भाई, आमच्याकडे समग्र, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय पान हलत नाही, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. त्याचं ई-केवायसी आधारवरून होतं, आणि दोन्हीकडच्या नावात फरक असला की अर्ज तिथेच लटकतो.

माझ्या वडिलांच्या नावात ज्ञ आहे. महाराष्ट्रात जन्म, तिथल्या दाखल्यावर डी-एन-वाय. इंदुरात नोकरी, इथे जी-वाय. बहीण बडोद्यात, तिच्या कागदांत त्यांचं नाव जी-एन नं. तीन राज्यांत एका अक्षराचे तीन अवतार आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. आम्ही पेन्शनचं जी-वाय कायम केलं. दाखल्याला नाही हात लावला. मांजलपूरकरांचंच धोरण, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड नुसत्या आधारवर निघतं, त्यात नाव आधारवरूनच उतरतं. तेव्हा आधार सुधारून झाल्यावरच ते काढा, नाहीतर दवाखान्यात ऐनवेळी सुमनबेनना शोधत बसाल.

केवायसी_पीडित
रविवार, रात्री १०.०५

मतदार यादीचं कुणी बोललंच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात यादीच्या फेरतपासणीसाठी बीएलओ (मतदान केंद्राचे अधिकारी) फॉर्म घेऊन आले तेव्हा २००२ ची यादी काढायला लागली. सासूबाई तिथे तिसऱ्याच नावानं. दुरुस्तीला नमुना ८, पैसे लागत नाहीत.

मांजलपूरकर
गुरुवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतची हालहवाल.

प्रतिज्ञापत्र झालं. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पाचही नावं नंबरांसकट, 'वगैरे' कुठेही नाही. आईनं सही करण्याआधी पूर्ण वाचून घेतलं आणि म्हणाली, यात कमल शेवटी का? ती तर पहिली. मसुदा पुन्हा टाइप झाला, कमल वर गेली.

'कमल' नावानं कुठे काही आहे का ते विचारलं. माहेरच्या घरात हिस्सा नाही, भावांना हक्क सोडून दिलेला आहे. तो हक्कसोड लेख कुठल्या नावानं केला होता ते मामांना विचारायचंय. सुमन नावानं असेल तर तोच आमच्याकडचा दोन नावांना जोडणारा एकमेव कागद ठरेल. वकीलसाहेब, नोंदणी झालेला असेल तर त्याची नक्कल निघते ना?

पॅनचा अर्ज टाकला. रेल्वेत जन्मतारखेचा अर्ज पॅन हातात आल्यावर. भावजींना धागा वाचायला दिला आहे, अजून उत्तर नाही.

एकच नवीन प्रश्न. आईची सही मराठीत आहे, खात्यावर 'सौ. सुमन' अशी. बाबा गेल्यापासून तिचा हात 'सौ.' लिहायला धजत नाही आणि नुसतं 'सुमन' लिहिलं की सही जुळत नाही म्हणतात. शिवाय हात थरथरतो.

वाडीचा_वकील
गुरुवार, रात्री ९.४०

नोंदणी झालेला असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नक्कल निघते. वर्ष आणि गाव माहीत असलं की पुरे. मामांना लवकर गाठा.

नीरा_अलकापुरी
गुरुवार, रात्री १०.००

सही बदलायला नाव बदलावं लागत नाही. नमुना सहीचं नवं कार्ड भरून द्या, त्यावर नुसतं 'सुमन', मराठीतच. त्याच दिवशी जुन्या ठेवींवरही नवी सही चढवायला सांगा, नाहीतर मुदत संपताना पुन्हा तीच रड. नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या. बाबांचंच नाव असेल तर ते बदलून टाका.

निवृत्त_प्रतापनगर
शुक्रवार, सकाळी ६.५०

हात फारच थरथरायला लागला तर आजारी आणि वयस्कर खातेदारांसाठी अंगठ्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणून जाल तेव्हा मॅनेजर जागेवर आहे का ते फोन करून विचारा, आणि १ ते ५ तारीख टाळा, तेव्हा आमचीच सगळी गर्दी असते.